गरोदरपणातली दारू, आईचं खाणंपिणं आणि बाळाचा मेंदू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आहाराबद्दल लिहायला लागल्यापासून हा विषय मेसेजमध्ये सारखा येतोय आणि जवळजवळ प्रत्येक मेसेजच्या शेवटी "प्लीज माझं नाव कुठे टाकू नका" असतं. म्हणून नावं काढून, प्रश्न शक्यतो तुमच्याच शब्दांत ठेवून, सगळं इथे एका ठिकाणी लिहितेय. सुरुवातीचे प्रश्न साधे आहेत, अडचणीचे खाली आहेत. घाबरून एकदम खाली स्क्रोल करत असाल तर आधी प्रश्न १२ वाचा.

१. गरोदरपणात दारू घेतली तर बाळाच्या मेंदूला नेमकं होतं काय?

दारू वारेतून आरपार जाते. आईच्या रक्तात जेवढं अल्कोहोल असेल साधारण तेवढंच थोड्या वेळात बाळाच्या रक्तात पोचतं, आणि बाळाचं लिव्हर अजून कच्चं असल्यामुळे त्याला ते स्वतःचं स्वतः मोडता येत नाही, आईच्या अंगातून उतरेल तेव्हाच बाळाचंही उतरतं. शिवाय गर्भजलातही अल्कोहोल साचून राहतं आणि बाळ तेच पाणी गिळत असतं.

मेंदूच्या पेशी तयार होणं, त्या आपापल्या जागी जाऊन बसणं, एकमेकींशी जोडल्या जाणं, या सगळ्यात अल्कोहोल अडथळा आणतं आणि काही पेशी तर मरूनच जातात. लहान मेंदू, आठवणींचं काम बघणारा हिप्पोकॅम्पस आणि मेंदूच्या दोन बाजूंना जोडणारा कॉर्पस कॅलोसम यांना जास्त फटका बसतो. मूल मोठं व्हायला लागलं की मग दिसतं: लक्ष टिकत नाही, काल पाठ केलेलं आज आठवत नाही, गणित जमत नाही, राग आवरत नाही. या सगळ्याला मिळून फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, थोडक्यात एफएएसडी म्हणतात. फ्रान्सच्या नांत शहरात पॉल लमुआन यांनी १९६८ मध्ये अशा १२७ मुलांबद्दल लिहिलं होतं पण तिकडे फारसं कोणी बघितलं नाही, १९७३ मध्ये सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी यातल्या सगळ्यात गंभीर प्रकाराला नाव दिलं तेव्हा जगाने दखल घेतली. बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट झालेली पन्हाळ या खुणा पुस्तकात असतात, पण एफएएसडी असलेल्या बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीही दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं "मस्तीखोर" आणि "ढ" म्हणून मार खातात.

२. एखादा ग्लास वाइन किंवा लाइट बिअर चालते ना? माझ्या मैत्रिणीला काहीच झालं नाही.

किती घेतली तर बाळ सुरक्षित, असा आकडा कोणालाच काढता आलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटना शून्यच सांगते आणि मीही शून्यच सांगते. मैत्रिणीला काही झालं नाही हे खरं असेल. जगभरच्या अभ्यासांवरून काढलेला अंदाज (२०१७) असा की गरोदरपणात दारू घेणाऱ्या साधारण १३ बायकांपैकी एकीच्या बाळाला एफएएसडी होतो. बाकीच्या बारा जणी आपापल्या मैत्रिणींना "मला काही झालं नाही" असंच सांगणार.

"लाइट" शब्दावर जाऊ नका, ग्रॅम मोजा. ३० एमएल व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ६५० एमएलच्या ५ टक्केवाल्या बिअरमध्ये २५ ग्रॅम, आणि तीच बाटली ८ टक्के स्ट्राँग असेल तर ४० ग्रॅम, म्हणजे चार पेग. "मी फक्त बिअर घेते" म्हणणाऱ्या कितीतरी जणींना हा हिशोब कोणी दाखवलेलाच नसतो.

३. मग यात आहाराचा संबंध कुठे आला? दारू ती दारू.

संबंध बराच आहे, आणि मला या पानावर सगळ्यात जास्त हेच सांगायचंय.

पहिलं म्हणजे पोट रिकामं असेल तर दारू पटकन रक्तात चढते आणि रक्तातलं अल्कोहोल एका वेळी किती वर चढतं हे बाळाच्या मेंदूला त्रास देण्यात फार महत्त्वाचं असतं. दुसरं, आई कुपोषित असेल तर तिच्या लिव्हरची दारू मोडायची ताकदच कमी होते. अमेरिकेत अर्कान्सामध्ये गाभण उंदरांवर हे तपासलं, तेवढीच दारू देऊन अर्धपोटी ठेवलेल्या माद्यांच्या रक्तात अल्कोहोल जास्त राहिलं आणि पिल्लांचं नुकसानही जास्त झालं. तिसरं, दारू स्वतःच अन्न पळवते: आतड्यातून बी१ आणि फोलेट नीट शोषलं जात नाही, झिंक आईच्या लिव्हरमध्ये अडकून पडतं, लोहाचा हिशोब बिघडतो. आणि चौथं अगदी साधं, जी रोज पिते ती बहुतेक वेळा नीट जेवत नाही, कधी पैसे नसतात म्हणून, कधी भूकच मेलेली असते.

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप भागात हे सगळं एकत्र बघायला मिळतं. तिथे द्राक्षमळ्यांवर मजुरांना मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात द्यायची "डॉप" नावाची पद्धत होती, कायद्याने ती गेली पण पिण्याची सवय मागे राहिली. जगात एफएएसडीचं प्रमाण अंदाजे हजारात ८, दक्षिण आफ्रिकेत हजारात १११. फिलिप मे यांच्या टीमने तिथल्या आयांचं खाणं तपासलं तेव्हा सगळ्याच आयांचं जेवण अपुरं निघालं, पण ज्यांच्या मुलांना एफएएसडी होता त्यांच्या जेवणात कोलीन, कॅल्शियम आणि रायबोफ्लेविन, म्हणजे बी२, त्याहूनही कमी होतं, आणि या आया अंगानेही बारीक होत्या. एकाच वस्तीत, साधारण सारखंच पिणाऱ्या दोघींपैकी एकीच्या मुलाला जास्त त्रास का होतो याचं थोडं उत्तर त्यांच्या ताटात आहे. पूर्ण उत्तर नाही, कारण जीन्स, वय, आधीची बाळंतपणं हेही आहेच.

४. म्हणजे चांगलं खाल्लं की दारूचा परिणाम जातो?

नाही. आहाराने नुकसान कमी होऊ शकतं, पुसलं जात नाही. युरोप-अमेरिकेत चांगलं खाणाऱ्यापिणाऱ्या घरांतही एफएएसडीची मुलं जन्मतातच. "अंडी खाते, त्यामुळे वीकेंडला एक चालेल" असा सौदा करू नका, असा मेसेज मला खरंच आलाय म्हणून लिहितेय. दारू बंद करणं हे पहिलं काम, पोटभर आणि चौरस जेवण हे त्याच दिवशी सुरू करायचं दुसरं काम.

५. हे कोलीन काय प्रकरण आहे? सगळीकडे तेच वाचतेय.

कोलीन हा जीवनसत्त्वांच्या जवळचा एक घटक. शरीर थोडं बनवतं पण पुरेसं नाही, म्हणून अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९८ मध्ये त्याला आवश्यक पोषकांच्या यादीत घातलं. त्याची तीन कामं लक्षात ठेवा. पेशीच्या भिंती त्याच्यापासून बनतात, आणि वाढत्या मेंदूत भिंतींचं काम अखंड चालू असतं. आठवणीसाठी लागणारं ॲसिटिलकोलीन हे रसायन त्याच्यापासून बनतं. आणि कोणती जीन चालू ठेवायची कोणती बंद, याच्या खुणा डीएनएवर करायला मिथाइल गट नावाचे जे छोटे रासायनिक तुकडे लागतात ते पुरवायला कोलीन मदत करतं. दारू नेमकी याच तीन ठिकाणी ढवळाढवळ करते.

सॅन डिएगोत जेनिफर थॉमस यांनी उंदरांवर बरीच वर्षं हे काम केलंय: दारू मिळालेल्या पिल्लांना कोलीन दिलं तर त्यांचं शिकणं आणि आठवण सुधारते. मग माणसांकडे वळले. केप टाउनमध्ये जोसेफ आणि सँड्रा जेकबसन यांच्या टीमने खूप दारू पिणाऱ्या सुमारे ७० गरोदर बायका घेतल्या, अर्ध्यांना रोज २ ग्रॅम कोलीन आणि अर्ध्यांना नुसती डमी पावडर, बाळंतपणापर्यंत. निकाल २०१८ मध्ये आले. कोलीन मिळालेल्या गटातली बाळं साडेसहा महिन्यांच्या वयाला डोळ्यांची उघडझाप शिकवायच्या टेस्टमध्ये पुढे होती (आवाज झाला की डोळ्यावर हलकी फुंकर येते, हे बाळ शिकतं का ते बघतात, त्यात लहान मेंदू कसा चाललाय ते कळतं), वर्षाच्या वयाला बघितलेलं चित्र ओळखण्यात पुढे होती, आणि जन्मानंतर त्यांचं वजन आणि डोक्याचा घेर चांगला भरून आला.

युक्रेनमध्ये चित्र वेगळं आलं. तिथे व्हिटॅमिन-मिनरलच्या साध्या गोळ्यांनी सहा महिन्यांच्या बाळांच्या विकासाच्या टेस्टमध्ये फायदा दिसला, पण वर ७५० मिलिग्रॅम कोलीन जोडून त्या टेस्टमध्ये वेगळं काही मिळालं नाही. कोलीनचा डोस तिथे कमी होता हे एक कारण असू शकतं. म्हणून "कोलीन म्हणजे उतारा" अशी पोस्ट दिसली तर पुढे पाठवू नका. आशा वाटावी असं काम नक्की आहे, पण छोट्या अभ्यासांवर उभं आहे.

६. कोलीन रोज किती हवं आणि आपल्या जेवणात कशात मिळतं?

गरोदरपणात दिवसाला ४५० मिलिग्रॅम, अंगावर पाजताना ५५०. हे सगळ्याच गरोदर बायकांसाठी आहे, दारू घेतलेली असो वा नसो.

अंडं खात असाल तर काम सोपं आहे. एका मोठ्या अंड्यात साधारण १५० मिलिग्रॅम, आणि ते सगळं पिवळ्या बलकात. पांढरं खाऊन पिवळं टाकणाऱ्या तायांनो, निदान हे नऊ महिने ते करू नका. दोन उकडलेली अंडी, दोन कप दूध आणि एक मोठा बटाटा एवढ्यातच सव्वाचारशेच्या पुढे जाता. चिकन आणि मासे यांतूनही चांगलं मिळतं.

शाकाहारी असाल तर जरा जमवाजमव करावी लागते: अर्धा कप भाजलेले सोयाबीन साधारण १०७, दोन कप दूध ८६, सालीसकट भाजलेला मोठा बटाटा ५७, अर्धा कप शिजलेला राजमा ४५, वाटीभर दही ४० च्या आसपास, मूठभर शेंगदाणे आणि थोडी फ्लॉवरची भाजी प्रत्येकी २४. एवढं सगळं एका दिवसात खाल्लं तरी पावणेचारशे-चारशेपर्यंत पोचता. सोयाबीन मराठवाडा-विदर्भात पोत्यांनी पिकतं आणि बहुतेक तेलाच्या मिलला जातं, घरात भाजून कुटून ज्वारीच्या पिठात मिसळलं तरी भाकरी छान होते, प्रमाण दहाला एक ठेवा म्हणजे चवीत फारसं कळतही नाही.

७. मी कोलीनच्या गोळ्या ऑनलाइन मागवू का? केप टाउनमध्ये २ ग्रॅम दिलं होतं तर मीही तेवढंच घेऊ?

तुमच्या तुमच्या मनाने नको. तिथे त्या बायका संशोधकांच्या देखरेखीखाली होत्या. मोठ्या माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा साडेतीन ग्रॅम आहे, म्हणजे २ ग्रॅम त्याच्या आतच, पण त्याने मळमळ होऊ शकते, आणि जास्त डोसला घामाला-लघवीला माशासारखा वास येतो, बीपी उतरू शकतं. आधी तुमच्या चालू असलेल्या गोळीच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा, गरोदरपणाच्या बऱ्याच गोळ्यांत कोलीन नसतंच किंवा नावापुरतं असतं. मग ते पाकीट घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा.

८. माझं हिमोग्लोबिन ९ आहे. सुरुवातीला दोन-तीनदा ड्रिंक्स झाले होते. जास्त काळजी करायची का?

काळजी नको, पण लोहाच्या बाबतीत हयगय अजिबात नको. यावर दोन ठिकाणचं काम आहे. केप टाउनच्या मुलांमध्ये दिसलं की दारू आणि लोहाची कमतरता दोन्ही असतील तर बाळाची वाढ जास्त खुंटते. अमेरिकेत सुझन स्मिथ यांच्या लॅबमध्ये गाभण उंदरांना थोडंसंच लोह कमी पाडलं, इतकं थोडं की आईला ॲनिमियासुद्धा नव्हता, तरी दारूने होणारं लहान मेंदूचं नुकसान वाढलं. पुढे लोह जास्त दिल्यावर ते कमीही झालं. दारूमुळे लोह शरीरात नको तिथे अडकतं आणि मेंदूपर्यंत कमी पोचतं, असं त्यामागचं कारण दिसतंय.

आपल्याकडे हा मुद्दा फार जवळचा आहे, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ प्रमाणे भारतात ५२ टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया आहे. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळणारी लोहाची गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, गरोदरपणात १८० दिवस आणि नंतर १८० दिवस घ्यायची असते. हिमोग्लोबिन ९ असेल तर डोस वेगळा लागतो, तो डॉक्टर ठरवतील.

गोळी कशी घेता यावर निम्मं काम अवलंबून आहे. चहाबरोबर घेतली तर वाया, जेवण आणि चहात तास-दीड तास जाऊ द्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते. शौचाला काळं होणं नॉर्मल आहे, पोटात जळजळत असेल तर रात्री झोपताना घ्या, पण बंद करू नका, आणि पाच गोळ्या उशीखाली साठवून ठेवून सासूबाईंना "घेतली" सांगू नका.

९. झिंक, फोलेट, बी१, व्हिटॅमिन ए यांचंही काही आहे का?

आहे. दारू आत गेली की आईच्या लिव्हरमध्ये मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन वाढतं आणि ते झिंकला धरून ठेवतं, मग बाळाकडे कमी जातं. तीळ, डाळी, कडधान्यं, चिकन, अंडी यांत झिंक असतं, आणि कडधान्याला मोड आणले की ते जास्त लागू पडतं. फोलेटचं महत्त्व माहीतच असेल, बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येईस्तोवर काम संपत आलेलं असतं, त्यामुळे मूल हवंय असं ठरलं की फॉलिक ॲसिड आधीच सुरू करा. बी१ बद्दल प्रश्न १६ बघा.

व्हिटॅमिन ए चं मात्र उलटंसुलटं आहे. बाळाचं डोकं-चेहरा घडताना व्हिटॅमिन ए पासून बनणारं रेटिनॉइक ॲसिड लागतं आणि दारू त्याच रस्त्यात आडवी येते. पण म्हणून ए च्या कॅप्सूल घेतल्या किंवा रोज कलेजी खाल्ली तर जास्त झालेलं ए स्वतःच बाळाला व्यंग आणू शकतं. गाजर, लाल भोपळा, पालेभाजी यांतून मिळणारं सुरक्षित, तेवढंच ठेवा.

१०. मासे आणि अक्रोड?

मासे हो. बांगडा, तारली यांत डीएचए नावाचं ओमेगा-३ फॅट भरपूर असतं आणि मेंदूच्या पेशींच्या भिंतीत ते लागतंच. आठवड्यातून दोनदा ठीक, शार्क म्हणजे मोरीसारखे मोठे शिकारी मासे पाऱ्यामुळे टाळा. अक्रोड-जवसातल्या ओमेगा-३ चं डीएचएमध्ये रूपांतर फार थोडं होतं, खा जरूर, पण त्यावर भिस्त नको.

११. दारूने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेशींची रासायनिक झीज) होतो म्हणे, मग व्हिटॅमिन सी आणि ई चे हाय डोस घेऊ का?

नका घेऊ. कल्पना बरोबर होती आणि टोरँटोत दारू घेतलेल्या गरोदर बायकांवर सी आणि ई च्या मोठ्या डोसची ट्रायल सुरूही झाली होती. पण तेवढ्यात, २००६ मध्ये, बीपीच्या त्रासासाठी याच दोन व्हिटॅमिनवर झालेल्या इंग्लंडमधल्या मोठ्या ट्रायलमध्ये कमी वजनाची बाळं जास्त दिसली, आणि टोरँटोची ट्रायल थांबवावी लागली. पेरू, आवळा, संत्रं, शेंगदाणे खा. ताटातून जेवढं मिळतं त्याने असा धोका होत नाही.

१२. मला कळायच्या आधी, पाचव्या आठवड्यात, लग्नाच्या पार्टीत बरंच प्यायलं गेलं. आता काय करू? झोप लागत नाहीये.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. कळल्यावर बंद केलीत ना, मग सगळ्यात मोठं काम झालंय. मेंदू नऊ महिने वाढत असतो आणि शेवटच्या तीन महिन्यांत तर फार झपाट्याने, त्यामुळे जेव्हा थांबाल तेव्हापासूनचा प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. एका पार्टीवरून बाळाला काही झालंच असेल असं कोणी सांगू शकत नाही, आणि काहीच झालं नसेल अशी खात्रीही कोणी देऊ शकत नाही.

करायचं ते असं: डॉक्टरांना पुढच्याच भेटीत सांगा, साधारण कधी आणि किती घेतली तेही सांगा, म्हणजे ते कार्डवर राहील आणि पुढे मुलाला काही अडचण आली तर निदान लवकर होईल. फॉलिक ॲसिड लगेच सुरू करा, हिमोग्लोबिन आणि बी१२ तपासून घ्या, शाकाहारी बायकांमध्ये बी१२ बऱ्याचदा खाली असतं. जेवणात प्रश्न ६ मधलं घाला. सासरी कळेल म्हणून लपवत असाल तर डॉक्टरांशी एकटीने दोन मिनिटं बोलायला मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि या एका कारणासाठी घाबरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नका, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांशी नीट बोला.

१३. सोनोग्राफीत कळेल का?

बहुतेक वेळा नाही. मोठं व्यंग किंवा वाढ खुंटलेली दिसू शकते, पण आठवण, लक्ष, स्वभाव यांच्यातला फरक स्कॅनमध्ये दिसत नाही. नॉर्मल रिपोर्ट आला म्हणून पुन्हा सुरू करू नका.

१४. उलट्या इतक्या होतात की काहीच पोटात राहत नाही. मग हे सगळं कसं खाऊ?

पहिले तीन महिने आदर्श ताटाचा विचार सोडून द्या. दर दोन तासांनी चार घास, कोरडे पोहे, मुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, ताक, मीठ-साखर-लिंबाचं पाणी, जे राहील ते. अंड्याचा वास सहन होत नसेल तर धिरड्याच्या पिठात फेटून घाला. पाणीसुद्धा राहत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

१५. दशमूलारिष्ट, माडी, होमिओपॅथीचे थेंब, खोकल्याचं औषध, ब्रँडी घातलेला केक... यांचं काय?

आसव आणि अरिष्टं आंबवूनच बनतात, त्यामुळे त्यांत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, ५ ते १० टक्क्यांपर्यंत, बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एका वेळचा डोस थोडा असला तरी दिवसातून दोनदा महिनाभर होतो. गरोदरपणात वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि अल्कोहोल नसलेला काढा किंवा गोळी मिळेल का ते विचारा. दशमूलारिष्ट आपल्याकडे बाळंतिणीला देतात, पाजत असाल तर प्रश्न १८ बघा.

माडी "थंड" असते, गरोदर बाईला चांगली, असं कोकणपट्टीत अजून ऐकायला मिळतं. पहाटे काढलेली ताजी नीरा वेगळी, ती काही तासांत आंबायला लागते आणि दुपारपर्यंत तिची बिअरच्या तोडीची माडी झालेली असते. नको. सर्दीसाठी चमचाभर ब्रँडी, तीही नको, आणि हातभट्टी तर कोणीच घेऊ नये.

होमिओपॅथीचे मदर टिंक्चर, म्हणजे मूळ अर्क, अल्कोहोलमध्ये असतात, साखरगोळ्या मागा. काही कफ सिरपमध्ये अल्कोहोल असतं, लेबल बघा. इडली, ढोकळा, आंबील, दही यांना घाबरायचं कारण नाही. केक भाजून झाल्यावर वरून ओतलेली रम किंवा ब्रँडी उडून जात नाही, तो टाळा. "नॉन अल्कोहोलिक" बिअरमध्ये काही वेळा अर्धा टक्का असतो, ०.० लिहिलंय का ते तपासा.

१६. मी रोज पिते. चार महिने झालेत. बंद करायचा प्रयत्न केला तर हात थरथरतात. लाज वाटते सांगायला.

ताई, तुम्ही विचारलंत हेच मोठं आहे. आणि नीट वाचा: हात थरथरत असतील, घाम येत असेल, रात्र रात्र झोप नसेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्याने फिट येऊ शकते आणि ती तुम्हाला आणि बाळाला दोघांना धोक्याची असते. दवाखान्यात दाखल होऊन, औषधाच्या आधाराने काही दिवसांत ती सुरक्षितपणे सोडवता येते. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघं लागतील. टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ आणि व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ दोन्ही मोफत आहेत. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. लाज आपल्या जागी राहू दे, फोन आज करा.

आहाराचं यात खास काम आहे. रोज पिणाऱ्या बाईत बी१ म्हणजे थायमिन संपत आलेलं असतं आणि ते नसताना ग्लुकोजची सलाइन चढवली तर आईच्याच मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून दाखल होताना "मी रोज पिते" हे वाक्य पहिल्यांदा सांगा, ते ऐकून डॉक्टर आधी थायमिन देतील. मग हळूहळू खाणं वाढवायचं, मऊ भात-वरण-तूप, अंडं, मोडाची उसळ. आणि एखाद्या आठवड्यात घसरलात तरी जेवण आणि गोळ्या सोडू नका. बंद होईपर्यंत खाणं थांबवून ठेवायचं असं काही नसतं, पिणं चालू असतानाही पोटात गेलेलं जेवण बाळाच्या कामाला येतं.

१७. पितो नवरा, मी नाही. तरी धोका आहे का?

एफएएसडी होतो तो आईच्या रक्तातून पोचलेल्या दारूमुळे. वडिलांच्या पिण्याचा शुक्राणूंवर आणि पुढे पिल्लांच्या वाढीवर परिणाम होतो असं टेक्सासमधल्या उंदरांवरच्या कामात दिसलंय, मूल हवं असेल तर त्यानेही तीनेक महिने आधी थांबावं. त्याहून रोजची गोष्ट अशी की पिणारा नवरा असेल तर घरातलं दूध, अंडी, औषधं यांचे पैसे बाटलीत जातात आणि मारहाणीचा धोका वाढतो. ही माहिती त्यालाही वाचायला द्या.

१८. डिलिव्हरी झाली, आता पाजतेय. आता तरी चालेल का?

बाळाचा मेंदू अजून वाढतोच आहे. रक्तात जेवढं अल्कोहोल तेवढंच दुधात येतं, आणि दूध पिळून फेकल्याने ते लवकर उतरत नाही, वेळच जावा लागतो, एका ड्रिंकला निदान दोन तास. "बिअरने दूध वाढतं" हे खोटं आहे, उलट दूध सुटायचं प्रमाण कमी होतं. न घेणं सगळ्यात बरं. दारू चढलेली असताना बाळाला शेजारी घेऊन झोपू नका, गाढ झोपेत बाळ दबल्याच्या घटना खऱ्या आहेत.

१९. आम्ही दत्तक घेतलेला मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, जन्मदात्या आईचं पिणं फाइलमध्ये लिहिलंय. आता आहाराने काही होईल का?

थोडं होऊ शकतं, आणि वय लहान आहे ही चांगली गोष्ट आहे. मिनेसोटात जेफ वोझनियाक यांच्या टीमने एफएएसडी असलेल्या अडीच ते ५ वर्षांच्या ६० मुलांवर काम केलं, काहींना रोज ५०० मिलिग्रॅम कोलीन, काहींना डमी, नऊ महिने. त्यातल्या लहान मुलांची क्रम लक्षात ठेवायची आठवण सुधारली. चार वर्षांनी पुन्हा बघितलं तेव्हा कोलीन मिळालेली मुलं आठवणीत आणि न बोलता सोडवायच्या कोड्यांमध्ये पुढे होती, चंचलपणाही कमी होता. तेच ५ ते १० वर्षांच्या मुलांना सहा आठवडे देऊन बघितलं तर फरक पडला नाही. मुलाला गोळी द्यायची तर बालविकासतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच, पण रोजचं एक अंडं, दूध, डाळ आजपासून देता येईल.

यातली बरीच मुलं पोट भरल्याचं ओळखत नाहीत किंवा ठरावीक दोन-तीन पदार्थांवरच अडून बसतात. ताटाच्या वेळा पक्क्या ठेवा, नवीन पदार्थ रोज चमचाभर, जबरदस्ती नको. आणि आहाराबरोबर अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे लहान वयातच सुरू होणारे विकासाचे उपचार, सुरू करा, शासकीय जिल्हा रुग्णालयात त्यासाठीच जे डीईआयसी सेंटर असतं तिथे तपासणी होते.

२०. आपल्याकडे बायका पीतच नाहीत, मग हे एवढं कशाला?

राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या साधारण एक टक्का बायका दारू घेतात असं दिसतं, पण अरुणाचल प्रदेशात तोच आकडा २४ टक्के आहे, आणि घरी येऊन विचारणाऱ्या माणसासमोर, सासू बाजूला बसलेली असताना, किती जणी खरं सांगतील हा प्रश्न आहेच. मोहाची दारू सणावाराला घेणाऱ्या पाड्यांवर, मजुरीनंतर थकवा घालवायला घोटभर घेणाऱ्या वस्त्यांवर, आणि शुक्रवारी ऑफिसनंतर बाहेर जाणाऱ्या मुलींमध्ये, तिन्हीकडून मला मेसेज येतात. पहिल्या दोन ठिकाणी ॲनिमिया आणि अर्धपोटी राहणंही सोबत असतं, म्हणजे प्रश्न ३ मधलं वेस्टर्न केपचं चित्र तिथे लागू पडतं. तुम्ही आशा, अंगणवाडी ताई किंवा नर्स असाल तर पहिल्याच नोंदणीला तंबाखूबरोबर दारूचंही विचारा, एकटीला बाजूला घेऊन, आवाज न चढवता, आणि उत्तर हो आलं तर त्या बाईचं नाव टीएचआरच्या (अंगणवाडीतून घरी न्यायच्या पोषण आहाराच्या) यादीत आणि लोहाच्या गोळीच्या पाठपुराव्यात सगळ्यात वर घाला.